हार्टरेट बघून पळायचं कसं? उपवनच्या फेरीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी पहाटे साडेपाचला ठाण्याच्या उपवन तलावाजवळ आम्ही पंधरा-वीस जण जमतो. पळणं दीड तास, त्यानंतर कटिंग चहा आणि घड्याळं दाखवणं अर्धा तास. "माझं १६५ आलं, तुझं किती?" इथून सुरू होणारे प्रश्न गेली सहा वर्षं तेच आहेत, माणसं तेवढी बदलतात. ग्रुपवर तीच उत्तरं टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, कोचही नाही. ४७ वर्षांची आहे, नोकरी सांभाळून पळते आणि हार्टरेटच्या नादात करता येण्याजोग्या बहुतेक चुका करून झाल्या आहेत.

पेस दिसतोच की घड्याळात. हार्टरेट कशाला बघायचं?

ठाण्यात राहता म्हणून. जानेवारीच्या पहाटे हवा जरा कोरडी असते, तेव्हा मी ७:१० च्या पेसने (किलोमीटरला ७ मिनिटं १० सेकंद) पळते आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १४२ च्या आसपास राहतात. तोच पोखरण रोड, तेच बूट, पण मे महिना: पहाटे पाचलाही २७-२८ अंश आणि हवेत एवढी वाफ की घाम सुकतच नाही. ७:१० धरला तर दुसऱ्या किलोमीटरला १५८. ठोके १४२ वर ठेवायचे तर ७:५५ वर यावं लागतं.

घाम सुकला तरच अंग गार होतं. नुसता गळत राहिला तर पाणी आणि मीठ जातं, गारवा काही मिळत नाही. मग उष्णता बाहेर टाकायला शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं. पायांनाही रक्त हवंच असतं. दोन्हीकडे पुरवठा करायचा तर हृदयाला जास्त वेळा आकुंचन पावावं लागतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्लॅनमधला 'इझी पेस' थंड देशातल्या कुणासाठी लिहिलेला असतो. तो मे किंवा ऑक्टोबरमध्ये इथे हट्टाने पाळला तर तुमचा प्रत्येक इझी रन गुपचूप टेम्पो, म्हणजे जोराचा रन, होतो. ठोके बघितले की ही चोरी पकडली जाते.

२२० वजा वय हे सूत्र बरोबर आहे ना?

अंदाज म्हणून ठीक. साधारण १९७१ मध्ये फॉक्स आणि हॅस्केल या अमेरिकन संशोधकांनी तेव्हा हाताशी असलेल्या आकड्यांमधून ओढलेली ती एक ढोबळ रेघ आहे, आणि पुढे ती जिमच्या भिंतीपासून घड्याळापर्यंत सगळीकडे जाऊन बसली. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांची मोट बांधून २०८ वजा (०.७ गुणिले वय) असं सूत्र दिलं. चाळिशीला दोन्ही सूत्रं १८० च सांगतात. फरक पुढे पडतो: साठीच्या माणसाला पहिलं १६० देतं, दुसरं १६६.

पण दोन्ही सूत्रं सरासरी सांगतात. एकाच वयाच्या माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सर्रास असतो. माझंच घ्या. २२० मधून ४७ गेले, उरले १७३. चढावर जीव तोडून पळताना छातीवर बांधायच्या हार्टरेट पट्ट्याने दाखवलेला माझा सर्वांत मोठा आकडा आहे १८६. म्हणजे तेरा ठोक्यांची चूक. घड्याळ १७३ धरून मला सांगायचं की तुझा झोन टू (सोप्या पळण्याचा टप्पा, जास्तीत जास्त ठोक्यांच्या ६० ते ७० टक्के) १०४ ते १२१. त्या आकड्यावर मी फक्त भाजी आणायला जाऊ शकते.

मग माझे खरे झोन काढू कसे?

दोन रस्ते आहेत, त्यातला मला दुसरा आवडतो.

पहिला कार्वोनेनचा. हे फिनलंडचे शरीरशास्त्रज्ञ, त्यांचं काम १९५७ चं. जास्तीत जास्त ठोक्यांमधून विश्रांतीचे ठोके वजा करायचे, जे उरेल त्याचे टक्के काढायचे आणि त्यात विश्रांतीचे ठोके परत मिळवायचे. माझे १८६ वजा ५८ म्हणजे १२८. त्याचे ६० ते ७० टक्के अधिक ५८, म्हणजे साधारण १३५ ते १४८. हा माझा इझी रन. १०४-१२१ शी ताडून बघा, एकाच बाईचे आकडे आहेत. फायदा असा की तुमची विश्रांतीची नाडी यात धरली जाते. अडचण अशी की खरा मॅक्स माहीत असावा लागतो, आणि तो काढायला ओकारी येईपर्यंत पळावं लागतं. चाळिशी ओलांडलेल्यांनी, डायबेटिस किंवा बीपी असलेल्यांनी, घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये.

दुसरा रस्ता थ्रेशोल्डचा, म्हणजे ज्या ठोक्यांच्या वर जोर फार वेळ टिकत नाही त्या मर्यादेचा. हा जो फ्रिएल या अमेरिकन कोचने लोकप्रिय केला. पंधरा मिनिटं वॉर्म-अप, मग ३० मिनिटं एकट्याने, जमेल तेवढं जोरात पण शेवटपर्यंत टिकेल असं पळायचं. दहा मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबायचं. उरलेल्या २० मिनिटांची सरासरी हार्टरेट हा तुमचा थ्रेशोल्ड. त्याच्या ८९ टक्क्यांपर्यंत सोपं पळणं, ९५ च्या वर कष्टाचं. माझा १६८ आला, म्हणजे इझीची कमाल मर्यादा साधारण १५०. कार्वोनेनने १४८ सांगितलं होतं. दोन वेगळ्या वाटा एवढ्या जवळ आल्या तर भरवसा ठेवायला हरकत नाही.

ही टेस्टही दमवणारीच, तेव्हा वरचा डॉक्टरचा नियम इथेही लागू. सपाट आणि सिग्नल नसलेली जागा हवी. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर करू नका, अर्धा वेळ रिक्षा चुकवण्यात जातो. मैदान किंवा तलावाभोवतीची सलग फेरी बरी. शक्यतो थंडीत करा. मे महिन्यात काढलेला थ्रेशोल्ड उकाड्याचा असतो, तुमचा नसतो.

टेस्ट-बिस्ट जमणार नाही. काही सोपं सांगा.

बोलून बघा. पळताना पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तोडता, म्हणता आलं की ते इझी. मी मनातल्या मनात घराचा पत्ता पिनकोडसकट म्हणते. तीन-चार शब्दांत धाप लागली तर वेग जास्त आहे. बोलता येण्याच्या शेवटच्या टोकाला घड्याळात कोणता आकडा दिसतो तो आठवडाभर लिहून ठेवा, तुमची मर्यादा जवळपास सापडेल. फिल मॅफेटोन या अमेरिकन कोचचं १८० वजा वय हेही सुरुवातीला इझीची मर्यादा म्हणून वापरता येतं. नुकतंच मोठं आजारपण झालं असेल किंवा नियमित औषधं चालू असतील तर त्यातून आणखी दहा वजा करायचे असं तो सांगतो. ते मुद्दाम खाली ठेवलेलं सूत्र आहे, म्हणून सुरक्षित.

त्या आकड्यावर राहायचं तर मला चालावं लागतं. लाज वाटते. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणारा आवाज खाली करून विचारतो.

चाला. मी पहिल्यांदा १४५ च्या खाली पळायचं ठरवलं तेव्हा पेस ८:४० वर आला. उपवनला एक काका कुत्र्याला फिरवत मला मागे टाकून गेले आणि वर "सावकाश, सावकाश" म्हणून धीर देऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात मी टोपी डोळ्यांवर ओढून पळायला लागले. तीन महिने काहीच घडत नाहीये असं वाटत होतं. चौथ्या महिन्यात त्याच १४५ वर पेस ७:४० झाला होता, आणि रविवारचा लाँग रन झाल्यावर दुपारी आडवं पडावंसं वाटेनासं झालं. मला विचाराल तर हा दुसरा बदल मोठा.

आत काय चालतं? सोप्या वेगाने जास्त वेळ पळलं की एका ठोक्यात हृदय जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि चरबी जाळून चालण्याची क्षमता सुधारते. हे सगळं आठवड्यांच्या हिशेबाने होतं. रोज धापा टाकत पळणाऱ्याला यातलं काही मिळतच नाही असं नाही, पण तो दमतो, दुखापतीने बसतो, आणि सातत्य मोडलं की कमावलेलं उतरायला लागतं.

पळताना मर्यादेच्या पाच ठोके वर गेलात तर जग बुडत नाही. जरा हळू व्हा, एवढंच. दर दहा सेकंदांनी मनगट वर करून बघणारे लोक खांबाला धडकतात. आमच्यातला एक धडकला आहे.

म्हणजे सगळंच पळणं झोन टूमध्ये?

नाही. ही व्हॉट्सॲपने पसरवलेली अर्धवट गोष्ट. स्टीफन सायलर या नॉर्वेत काम करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाने जगातल्या अव्वल खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं, तेव्हा साधारण दहातली आठ सत्रं सोपी आणि दोन खरोखर कष्टाची असा प्रकार दिसला. त्या दोनांना विसरू नका. आठवड्यातून चार दिवस पळत असाल तर तीन सोपे, एक जोराचा. आमच्यातल्या बहुतेकांचं उलटं असतं: सोपा दिवस पुरेसा सोपा नसतो, म्हणून जोराच्या दिवशी पायात जोर उरत नाही.

इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोराच्या छोट्या फेऱ्या) करताना हार्टरेट कुठे ठेवायचं?

बघूच नका. पळायला लागल्यावर ठोके वर यायला अर्धा मिनिट ते मिनिटभर लागतो. ४०० मीटरची फेरी जवळपास संपत आल्यावर घड्याळाला जाग येते. तिथे पेस आणि दम यांवर जा. तीन-चार मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये शेवटच्या मिनिटाचा आकडा वाचण्यासारखा असतो.

येऊरचा डोंगर चढताना ठोके १७० च्या वर जातात. मी अनफिट आहे का?

नाही, तो चढच तसा आहे. इझी रन ठरला असेल तर चढ चाला. लांब पावलं, हात मांडीवर, लाज नाही. ताकदीसाठी चढत असाल तर तो त्या आठवड्याचा जोराचा दिवस समजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायला जाऊ नका.

उतारावरची गंमत मात्र लक्षात ठेवा. येऊरहून उपवनकडे उतरताना ठोके १२५ वर येतात आणि माणसाला वाटतं, वा, आराम चाललाय. त्याच वेळी मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागत असतो. सोमवारी जिना उतरताना जे कळतं ते हार्टरेटमध्ये कधीच दिसत नाही. हृदयावरचा ताण मोजणारं यंत्र आहे हे. गुडघा, पोटरी, टाच यांची त्याला खबर नसते. (आणि उजाडायच्या आत वर जाऊ नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबटे आहेत, आणि तुमचा झोन त्यांना माहीत नाही.)

मनगटाचं घड्याळ पुरे की छातीचा पट्टा घेऊ?

मनगटाचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत टाकतं आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून रक्ताची लाट ओळखतं. छातीचा पट्टा हृदयाचे विजेचे संकेत पकडतो, ईसीजीसारखे. सावकाश, एकसारख्या पळण्यात दोघांचं बऱ्यापैकी जमतं. वेग सारखा बदलायला लागला की मनगट मागे पडतं. बिनतारी पट्टा १९८२ पासून बाजारात आहे. फिनलंडच्या पोलर कंपनीने तो आणला. जुनं तंत्रज्ञान, पण अचूकपणात अजून पुढे.

माझं मत: पहिले सहा महिने घड्याळावर काढा. थ्रेशोल्ड टेस्ट करायची वेळ आली की पट्टा घ्या किंवा कुणाचा तरी उसना घ्या. दंडावर बांधायचा सेन्सरही मिळतो, तो मनगटापेक्षा बरा चालतो आणि छातीवर काचत नाही.

माझं घड्याळ पहिल्या किलोमीटरपासून १७६ दाखवतं, पण मी तर गप्पा मारतोय!

ते तुमची पावलं मोजतंय. मिनिटाला १७० ते १८० पावलं पडतात, सैल घड्याळ तेवढ्याच लयीत हलतं आणि सेन्सर त्यालाच नाडी समजतो. मनगटाच्या हाडाच्या एक-दोन बोटं वर सरकवा, घट्ट बांधा, पळण्याआधी पाच मिनिटं अंगात ऊब येऊ द्या. बायकांनी त्या हातातल्या बांगड्या काढा किंवा घड्याळ दुसऱ्या हातात घाला. मनगटावर गडद टॅटू असेल तर प्रकाश आत नीट जात नाही. शंका आलीच तर थांबा, दोन बोटांनी नाडी धरा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा.

पट्ट्याचं उलट असतं. कोरडा असताना सुरुवातीला वेडे आकडे देतो. आतली बाजू ओली करून घाला. घरी गेल्यावर साध्या पाण्याने धुवा, पावसाळ्यात बाथरूममध्ये लटकवून ठेवू नका, चार दिवसांत वास मारतो.

लाँग रनमध्ये वेग तोच ठेवला तरी दुसऱ्या तासाला ठोके वाढतात. असं का?

घामावाटे पाणी गेलं की रक्तातला द्रव भाग कमी होतो. प्रत्येक ठोक्याला पुढे जाणारं रक्त घटतं आणि तूट भरायला ठोके वाढतात. उकाड्यात दहा-पंधरा टक्के वाढ नवलाची नाही. पहिल्या तासाला १४२ असेल तर दुसऱ्याला १५५ होऊ शकतं. मी दर वीस मिनिटांनी तीन-चार घोट पिते, बाटलीत लिंबू, मीठ, साखर. कोकम सरबतही चालतं. ऑक्टोबरमध्ये शेवटच्या अर्ध्या तासात मी पाच-सात ठोके जास्त चालवून घेते, त्याहून वर गेले तर चालते. याच मार्गावर, अशाच हवेत ही वाढ महिन्या-महिन्याने कमी होत गेली तर तुमचा पाया तयार होतोय.

सकाळी उठल्यावरची नाडी रोज बघायची का?

बघा, पण एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. अंथरुणातून उठायच्या आत. माझी दोन वर्षांत ६६ वरून ५८ वर आली. सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असेल तर काहीतरी बिनसलंय: झोप, ऑफिस, रात्रीची पार्टी, येऊ घातलेला ताप. त्या दिवशी चालायला जा. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत नाडी दोन-चार ठोके वर राहते, बायकांनी त्याची वेगळी नोंद ठेवावी. नाहीतर दर महिन्याला 'मी ओव्हरट्रेन झाले' असं वाटतं.

सहा महिने हळू पळतेय, तरी ठोके खाली येतच नाहीत.

हिमोग्लोबिन तपासलंत का? रक्तात ऑक्सिजन वाहणारं द्रव्यच कमी असेल तर हृदयाला जास्त खेपा कराव्या लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आमच्या ग्रुपमध्ये एकीचं ९.४ निघालं. ती वर्षभर स्वतःला आळशी म्हणत होती. थायरॉइडही बघून घ्या. हे तपासण्याआधी महागडं घड्याळ घेऊ नका.

बीपीची गोळी चालू आहे. झोन लागू होतात का?

कोणती गोळी त्यावर आहे. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर ठोके वर जाऊच देत नाहीत. मग वयाची सूत्रं निरुपयोगी ठरतात आणि आकडा १२० वर अडकलेला असताना तुम्ही पूर्ण दमलेले असता. अशांनी बोलण्याची कसोटी वापरावी आणि मर्यादा डॉक्टरकडून ठरवून घ्यावी. पळण्यासाठी गोळी स्वतःहून बंद करणारे एक गृहस्थ मला भेटले आहेत. करू नका.

डेंग्यू होऊन गेला. कधी सुरू करू?

डॉक्टर हो म्हणतील तेव्हा चालण्यापासून. नंतर सकाळची नाडी जुन्या आकड्यावर आठवडाभर स्थिर राहू दे, मग हलका जॉग. ताप अंगात असताना पळणं म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका ओढवून घेणं. यावर घासाघीस नको.

कोणता आकडा दिसला तर लगेच थांबायचं?

आकड्यापेक्षा अंग बघा. छातीत दुखणं किंवा दाब, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, ठोके अचानक उसळून अनियमित होणं: थांबा, कुणाला तरी सांगा, हॉस्पिटलमध्ये जा. घड्याळात ११० असलं तरी. "गॅस असेल" हे निदान रस्त्यावर करायचं नाही.

मॅरेथॉनच्या दिवशी हार्टरेटवर जायचं की पेसवर?

हाफ (२१ किलोमीटर) असेल तर पहिले पंधरा किलोमीटर हार्टरेट लगाम म्हणून वापरा, थ्रेशोल्डच्या पाच-सात ठोके खाली. सुरुवातीच्या गर्दीत, ढोलताशात, जास्तीच्या कॉफीने ठोके तसेही आठ-दहा वर असतात, तेव्हा पहिल्या दोन किलोमीटरचा आकडा मनावर घेऊ नका. मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर तो वर जाणारच, तिथे मेहनत सारखी ठेवा आणि पेस पडू द्या. शेवटच्या पाचांत घड्याळ बाहीखाली. आपल्या ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला पावसाच्या भरवशावर जाऊ नका. सर थांबली की जी दमट वाफ उठते ती मे महिन्याची आठवण करून देते.

माझा १४ वर्षांचा मुलगा पळताना २०५ दाखवतो!

जोरात पळताना मुलांचे ठोके २०० च्या वर जाणं सामान्य आहे. चक्कर, छातीत दुखणं नसेल तर त्याला खेळू द्या आणि ते घड्याळ तुम्ही वापरा.

आई ६८ वर्षांची आहे, रोज तलावपाळीला चार फेऱ्या मारते. तिला घड्याळ घेऊन देऊ का?

माझ्या आईला मी दिलं होतं. ती आठवडाभर दर फेरीला बाकावर बसून मला फोन करायची, "अगं ९८ झालं, घरी येऊ का?" आता ते कपाटात आहे आणि आईच्या फेऱ्या पाच झाल्या आहेत. तुमच्या आईला आकड्यांची हौस असेल तर जरूर द्या. नसेल तर चांगले बूट घेऊन द्या, आणि एखाद्या सकाळी तिच्याबरोबर चालताना बघा, कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत ती न थांबता बोलू शकते का.